डी-एकच्या नावावर एकतीस

घरोघर फिरून तापाचे रोगी शोधणारी जिजा दिघोरीहून पहिल्या एसटीनं भंडाऱ्याला आली आणि हिवताप कचेरीत थेट याद्यांचं काम पाहणाऱ्या ललिताबाईंच्या टेबलापुढे उभी राहिली. हातात कचेरीचं पत्र. हिवतापाचे एकतीस रोगी सापडले, औषध तिघांनाच दिलं. अठ्ठावीस जणांना वाऱ्यावर सोडल्याबद्दल कामावरून कमी का करू नये, असं त्यात विचारलं होतं.

"मॅडम, घरोघरी गेली मी. घराघराच्या भिंतीवर माझ्या फेरीच्या तारखा आहेत, पाहून घ्या. आमच्या टोलीत, माझ्या एक नंबरच्या वस्तीत, तापाचे तीनच. एकतीस कुठून काढले तुम्ही?"

"कॉम्प्युटरनं काढले, जिजाबाई."

"मंग त्यालेच पाठवा ना गोळ्या वाटाले!"

ललिताबाईंना हसू आलं नाही. कॉम्प्युटर कचेरीत येऊन आठ महिने झाले होते, आणि ही यादी त्यांच्याच हातची होती. प्रयोगशाळेच्या यादीत रक्ताच्या प्रत्येक काचपट्टीचा पूर्ण क्रमांक असे: डी-१२-०५ म्हणजे बाराव्या क्षेत्रातली पाचवी पट्टी. कर्मचाऱ्यांच्या यादीत मात्र क्षेत्रापुरता साचा होता. जिजाचा साचा 'डी-१' आणि पुढे चांदणी. चांदणीच्या जागी काहीही आलं तरी चाले. दोन्ही याद्यांना जोडणारा धागा नव्हता, म्हणून प्रत्येक पट्टी प्रत्येक साच्याला लावून पाहायला ललिताबाईंनीच यंत्राला शिकवलं होतं.

त्यांनी जिजाला शेजारी बसवलं आणि पडद्यावर तिचे एकतीस क्रमांक रोग्यांच्या नावांसह आणले.

जिजानं ओठ हलवत वाचलं. "हा गोपीचंद, ही त्याची सून, ही आनंदाबाई. झाले माझे." मग बोट खाली सरकलं. "अन् हे बारा नंबरचं काहून आलं माझ्यात? बारा केवळरामभाऊकडे आहे. दहा-अकरा पण माझं नाही."

ललिताबाईंचा हात थांबला. 'डी-१' पुढे चांदणी. दहा, अकरा, बारा, सगळ्यांची सुरुवात एकानंच होत होती. त्यांनी घाईनं छापील यादीची बेरीज केली: शहाऐंशी. प्रयोगशाळेनं पाठवलेले रोगी अठ्ठावन्न. अठ्ठावीस पट्ट्या दोनदा बसल्या होत्या, एकदा आपल्या जागी आणि एकदा जिजाच्या माथी. आधी बेरीज पाहायची, हे पूर्वी कॉलेजात शिकवताना मुलांना सांगितलेलं त्या स्वतःच विसरल्या होत्या.

प्रत्येक साच्यात चांदणीच्या आधी एक आडवी रेघ घालून त्यांनी यंत्र पुन्हा चालवलं. बराच वेळ नुसती घरघर. मग आकडे आले: डी-१, तीन. एकूण अठ्ठावन्न.

"म्हणजे कोणी बिनगोळीचं राहिलं नाही ना?" जिजानं विचारलं.

"कुणीच नाही. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांनी दिल्याची नोंद आहे."

जिजानं पदरानं तोंड पुसलं.

ललिताबाई जुनी-नवी यादी आणि जिजाचं पत्र घेऊन कचेरीप्रमुख कृष्णराव साहेबांकडे गेल्या. साहेबांनी आकडे दोनदा पाहिले. "यंत्र चुकलं म्हणायचं तर."

"यंत्रानं मी सांगितलं तेवढंच केलं, साहेब. चूक माझी आहे. तसं लिहून देते."

साहेबांनी पत्रावरच ते रद्द केल्याचा शेरा मारला.  बाहेर येऊन ललिताबाईंनी ते पत्र जिजाच्या हातात दिलं. "चूक माझी होती, जिजाबाई. बसा, चहा मागवते."

"चहा पुढच्या खेपेले, मॅडम. एसटी सुटून राहिली. आनंदाबाईच्या गोळीचा आज शेवटचा दिवस आहे."