करवलीचे कुरळे केस

मनस्विनीच्या डोक्यावर जे उगवत होतं त्याला तिची आई केस म्हणायलाच तयार नव्हती. टोपलं म्हणायची. दहावीच्या सुट्टीत लेकीला पार्लरमध्ये नेऊन पहिल्यांदा केस सरळ करणारं स्मूदनिंग करवून आणलं तेही आईनंच, कालिंदीबाईंनी. तेव्हापासून दर सहा-सात महिन्यांनी मनस्विनी त्या खुर्चीत बसायची, डोळे झोंबवणारा वास नाकात घ्यायची आणि टाळूची आग मुकाट सोसायची. गेल्या दिवाळीत टाळूवर फोड आले आणि तिनं ठरवलं, बास. सरळ शेपट्या कापून टाकल्या आणि मुळातून जे येत होतं ते येऊ दिलं.

ठरवायला काय जातं! साल दुष्काळाचं. तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि इकडं बीड बायपासच्या नव्या सोसायटीत टँकर येत होता. आजूबाजूला इमारतींवर इमारती चढत होत्या, नळाचा मात्र पत्ता नव्हता. टँकरचं पाणी इतकं खारट की बादलीला पांढरा थर बसायचा. कुरळे केस तर आधीच तहानलेले. आत ओल नसेल तर वरून कितीही तेल चोपडा, उपयोग शून्य. मोबाइलवरच्या बायका धो-धो शॉवरखाली उभ्या राहून केसांची निगा शिकवायच्या, तेव्हा मनस्विनीला हसावं की रडावं कळायचं नाही. एका तांब्यात भागवायचं, तर ती ओल धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. ते स्वयंपाकघरातल्या डब्यातच निघालं. जवस.

पहिल्या खेपेला तिनं ते आधी खमंग भाजले. आपल्याकडं जवस हातात आले की हात आपसूक कढईकडं जातो, चटणीपलीकडं काही सुचतच नाही. भाजलेले जवस उकळले, तर त्यांना म्हणावी तशी तार येईना. डोक्याला दिवसभर चटणीचा वास आणि बाबा म्हणतात, "आज भाकरी आहे का गं?" दुसऱ्या खेपेला तिनं कच्चेच शिजवले. पाणी छान बुळबुळीत झालं, ते तिनं जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. मग पिण्याच्या जारमधल्या एक तांब्या पाण्यानं केस ओले करायचे, ओले असतानाच ते बोटांनी चोळायचं, बाबांच्या मऊ पंच्यानं टिपायचं आणि वाळेपर्यंत फणीला शिवायचं नाही. हळूहळू एकेक बट आपापलं वळण घेऊन मऊ बसू लागली. मनस्विनी आरशापुढं उगाच रेंगाळायची. इतकी वर्षं आपलंच डोकं आपल्याला पाहू दिलं नाही, याचा तिला आधी संताप यायचा आणि मग त्या बटा पाहून अभिमानानं ऊर भरून यायचा.

अशात धाकट्या भावाचं, शंतनूचं लग्न मे महिन्यात ठरलं.

"करवली तू," आई म्हणाली. "शंतनूच्या मागं कऱ्हादिवा घेऊन उभी राहणार, फोटोत येणार. हे टोपलं घेऊन? सरळ करून ये, नाहीतर मृण्मयी उभी राहील."

मृण्मयी म्हणजे पुण्याची चुलत बहीण, कंबरेपर्यंत सरळसोट केसांची. शंतनूला तिनं कडेवर खेळवला होता. त्याच्या मुंजीपासून ती सगळ्यांना सांगत आली होती, की याच्या लग्नात दिवा मीच धरणार.

"केस सरळ नाही करणार, आई. दिवा मात्र मीच धरणार."

लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयात कऱ्हादिवा मृण्मयीच्या हाती दिसला. तरी केस काही मनस्विनीनं बांधले नाहीत.

कार्यालयातलं पाणी तर घरच्याहून खारट. जन्मभर तेल थापून अंबाडा घालणाऱ्या कालिंदीबाई आज हौसेनं शांपू लावून न्हाल्या होत्या. वाळल्यावर केसांचं पार पाचट झालं. फणीचे दात मोडले, पण अंबाडा बसेना. मुहूर्त तोंडावर आला. घामाघूम होऊन त्यांनी मनस्विनीला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मनू, तुझं ते जवसाचं... आणलंयस का?"

चार शब्द ऐकवायची केवढी संधी होती! मनस्विनीनं ती सोडली. बाटलीतल्या पिण्याच्या पाण्यानं आईचे केस भिजवले आणि जवसाचं बुळबुळीत पाणी लावून सावकाश बोटं फिरवली. कानशिलापाशी एक कडं उमटलं, मग मानेवर दुसरं. कालिंदीबाई आरशाकडं बघतच राहिल्या.

"माझी आई अशीच दिसायची," त्या म्हणाल्या. "मी नवी नवरी होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, हे केस चापून बसवत जा. मी बसवत आले. माझे, आणि मग तुझेही." त्यांनी मनस्विनीचा हात धरला. "लई छळलं गं तुला."

त्या उठल्या, मांडवात गेल्या, मृण्मयीच्या हातातला कऱ्हादिवा घेतला आणि सगळ्यांदेखत मनस्विनीच्या हातात दिला. "घ्या बाई, माझे हात भरून आले होते," म्हणत मृण्मयी हसतच बाजूला झाली.

मंगलाष्टकं सुरू झाली. नवरदेवाच्या मागं दिवा धरून मनस्विनी ताठ उभी होती. तिच्याशेजारी मोकळ्या, ओलसर बटा खांद्यावर सोडून तिची आई उभी होती. वैजापूरच्या वन्संनी डोळे विस्फारले.

"अगबाई, कालिंदी! केसांचं काय करून घेतलंस गं हे?"

"काही करून नाही घेतलं, वन्सं," कालिंदीबाई मान उंच करून म्हणाल्या. "लेकीवर गेलेय."