पसंत पडलं तर राहा

त्या सकाळी बाइंडरबाई एका फाटक्या शब्दकोशाला नवा कणा चिकटवत होत्या. दोन्ही हात खळीनं माखलेले, दातांत दोरा धरलेला, आणि नेमका फोन वाजला. पुठ्ठ्याची कात्रणं गोळा करत बसलेल्या मुलीनं तो आईच्या कानाला लावला. मुलगी दहा वर्षांची. एका जागी ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत.

"वहिनी, एकदा येऊन तर बघा," शहरात राहणारा धाकटा दीर पलीकडून बोलत होता. "चार दिवस राहा. घर बघा, भिंगरीसाठी शाळा बघा. पसंत पडलं तर राहा, नाहीतर परत जा. जबरदस्ती थोडीच आहे?"

बाईंनी दातांतला दोरा काढला. नवरा गेल्यापासून त्यांना सांगणारे पुष्कळ भेटले होते. मोठ्यानं हसू नका, गिऱ्हाइकाशी दारात उभ्या राहून बोलू नका, आता भावाच्या विचारानं चाला. विचारणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं. त्यामुळे हा साधा प्रश्नही त्यांना गोड लागला.

दोन खोल्यांचं घर नवऱ्यामागं त्यांच्या नावावर झालं होतं. पुढच्या खोलीत बाइंडिंगचं काम चाले. तिथंच ती लोखंडी प्रेस होती. शिवलेली पुस्तकं तिच्यात दाबून ठेवायची, म्हणजे ती कायमची सरळ बसतात. वाचनालयाची पुस्तकं त्या आठवड्यात यायची होती, म्हणून निघताना बाईंनी किल्ली धाकट्या भावाकडं दिली. त्याचं पंखेदुरुस्तीचं दुकान शेजारच्याच गल्लीत होतं आणि आई त्याच्याकडंच राहत असे.

"गठ्ठे तेवढे उतरवून घे रे. ओल लागू देऊ नकोस."

"अक्का, तू बिनघोर जा," भाऊ म्हणाला. "आणि घाई करू नकोस. सावकाश ठरव."

शहरात दिराचं घर सहाव्या मजल्यावर होतं. भिंगरीनं लिफ्टची सगळी बटणं दाबली आणि सगळ्या मजल्यांचं दर्शन घेत मंडळी वर पोचली. जावेनं दारातच मुलीला जवळ घेतलं. बाईंना खोली दाखवली ती आतली. तिथं एका पलंगावर सासूबाई होत्या. अर्धांगवायूनं त्यांची एक बाजू गेली होती, बोलणंही नीट उमटत नव्हतं. त्यांच्याजवळ दिवसभर एक नर्सबाई असत. दुसऱ्या पलंगावर नवी चादर घातलेली होती.

"तुम्हाला इथंच बरं पडेल, ताई," जाऊ म्हणाली. "आईंनाही सोबत."

बाईंना त्यात वावगं वाटलं नाही. पाहुण्याला आणखी कुठली खोली देणार?

ठरवायला आलोय तर नीट ठरवावं, म्हणून त्या रोज बाहेर पडल्या. शाळा पाहिली. बाक रंगवलेले, आणि वर्गावरच्या शिक्षिका मुलांना प्रश्न विचारू देत होत्या. भिंगरीनं लगेच तीन विचारले. मग चौकातल्या एका छापखान्यात बाई धीर करून शिरल्या. छापखानेवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"शिवता, की नुसतं चिकटवता?"

"शिवते. चिकटवलेलं पुस्तक मुलांच्या हातात वर्षभरसुद्धा टिकत नाही."

"प्रेस आहे?"

"आहे ना. आमचे हे म्हणायचे, घरात दोनच गोष्टी जागच्या हलत नाहीत, ही प्रेस आणि तुझी मतं."

छापखानेवाला खो खो हसला. "मग दोन्ही घेऊन या. इथं शिवणारं माणूस शोधून सापडत नाही. मागची खोली रिकामीच आहे."

परतताना बाईंची पावलं हलकी पडत होती. "काय गं, आवडेल तुला इथं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"प्रेस लिफ्टमधे मावेल का?" भिंगरी म्हणाली.

"लिफ्टमधे कशाला? ती छापखान्यात राहील." आणि हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मनानं आपण होकार देऊन बसलो आहोत. आज जेवताना भावजींना सांगून टाकू, असं त्यांनी ठरवलं.

घरात शिरल्या तर नर्सबाई आपली पिशवी भरत होत्या.

"सुट्टीवर निघालात?"

"सुट्टी कसली? उद्यापासून येऊ नका म्हणालेत. आता तुम्ही आहात ना कायमच्या." नर्सबाई सरळ मनानं बोलत होत्या. "आजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवा हं. पाठ फार जपावी लागते."

"कायमची? मी तर अजून काही सांगितलंच नाही."

नर्सबाईंचा हात पिशवीतच थांबला. "मला तर महिन्यापूर्वीच सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

एवढ्यात खालून हॉर्न ऐकू आला. खिडकीतून वाकून पाहणारी भिंगरी ओरडली, "आई, आपलं कपाट!"

खाली टेम्पो उभा होता. त्यात त्यांचं कपाट, भांड्यांची पेटी, गाद्यांची वळकटी, भिंगरीची लहानपणची तीनचाकी. आपलं घर असं दिवसाउजेडी रस्त्यावर उघडं पडलेलं पाहून बाई लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली धावल्या.

"कुणी भरलं हे?"

"तुमच्या भावानं. सकाळीच," टेम्पोवाला म्हणाला.

"आणि प्रेस? लोखंडी प्रेस कुठाय?"

"ती जड होती बाई. ते म्हणाले, राहू दे, भंगारवाला येऊन नेणार आहे."

बाईंनी तिथंच उभ्या उभ्या भावाला फोन लावला.

"अक्का, आधी ऐकून तर घे," भाऊ घाईनं बोलू लागला. "तुझ्या दिराचं आणि माझं सगळं ठरलंय. तू एकटी बाई, कुठवर दोरे ओढत बसणार? तिथं हक्काचं घर आहे, म्हातारीचं करशील, पोरगी शिकेल. आणि मलाही पंख्यांना जागा पुरत नव्हती."

"सावकाश ठरव म्हणालास ना मला?"

"म्हणालो. तू नाही म्हणाली असतीस तर? उगाच वाद झाला असता."

"आईला माहीत होतं?"

"तिनंच भांडी बांधून दिली."

बाईंनी फोन ठेवला. भावाचं एक वेळ समजलं असतं. पण आईनं आपल्या हातानं त्यांच्या कपबशा कागदात गुंडाळल्या असतील, हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

दीर खाली आला होता. "वहिनी, लोक बघताहेत. वर चला. आम्ही काय परके आहोत?"

"भावजी, मी आज होच म्हणणार होते."

"मग झालं तर! प्रश्न मिटला."

"मिटला नाही. छापखान्यात काम करून सासूबाईंचंही केलं असतं, वाटून घेऊन, आनंदानं. तुम्हाला मी नको होते, नर्सबाईंच्या जागी बिनबोभाट राबणारं कुणीतरी हवं होतं. नर्सबाईंना थांबवा. त्यांना ते काम येतं."

वर जाऊन त्यांनी सासूबाईंना कुशीवर वळवलं, पाठ पुसली. म्हातारीनं चांगल्या हातानं त्यांचा हात दाबला. त्या घरात तिलाही कुणी काही विचारत नसे. बाईंना रडू आलं ते तेवढं तिथं.

"परत नेता का?" त्यांनी खाली येऊन टेम्पोवाल्याला विचारलं.

"न्यायला काय, रिकामाच चाललो होतो. पण बसायला पुढं एकच जागा आहे."

"मी गाद्यांवर बसते!" भिंगरी म्हणाली. शेवटी आईच्या मांडीवर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गल्लीत शिरला तेव्हा भंगारवाल्याची हातगाडी दाराशी लागलेली होती. दोघे जण प्रेसला दोर बांधत होते. पुढची खोली पंख्यांच्या खोक्यांनी भरली होती, आणि वाचनालयाचे गठ्ठे उघड्या ओट्यावर पडले होते.

"दोर सोडा," बाई म्हणाल्या. "ही माझी आहे. घरही माझं आहे."

भाऊ पुढं झाला. "अक्का, तमाशा करू नकोस. तुझ्या भल्यासाठीच केलं ना?"

"भलं माझं होतं, तर मला वगळून का ठरवलंस?"

आसपासची दारं उघडली, माणसं जमली. दारात आई उभी होती, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आपल्यात असंच होतं गं. तुझे वडील गेल्यावर मलाही असंच, न विचारता, उचलून याच्या घरी आणलं."

"मग आजी, तुला तेव्हा आवडलं होतं का?" भिंगरीनं विचारलं.

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत आजीला हे विचारणारं ते पहिलंच माणूस होतं.

"नाही," आजी म्हणाली.

मग वाकून तिनं पंख्याचं एक खोकं उचललं आणि मुलाच्या पायाशी, रस्त्यावर नेऊन ठेवलं. लेकीकडं न बघता दुसरं आणायला ती आत वळली. बाईंनी तिला क्षमा केली नव्हती. त्याला वेळ लागणार होता. पण खोकं जड होतं, म्हणून त्यांनी त्याची दुसरी बाजू धरली.

वाचकहो, आपल्याही नात्यात अशी एखादी बाई असेल, जिला आपण प्रेमानं म्हणतो, "येऊन तर बघा, पसंत पडलं तर राहा." ती नाही म्हणाली तर आपण ते ऐकणार आहोत का, हे तिला बोलावण्याआधी स्वतःला विचारून पाहा.