नऊ सेकंदांनी बुडणारा सूर्य

गटात बावीस जण होते. वेगवेगळ्या गावांत मागे राहिलेले चौदा, ऊसतोडीला गेलेले सात, आणि गट चालवणारे काष्टीचे आबासाहेब, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गटाचं नाव ‘दिवेलागण’. रोज प्रत्येकाने एकच शब्द लिहायचा, ‘बुडाला’. आपल्या इथला सूर्य गेला की लिहायचं आणि मग दिवा लावायचा. नियमही एकच होता, की सूर्य दिसत असताना हा शब्द लिहायचा नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या पश्चिमेला डोंगर आहे, त्यामुळे आमचा शब्द पहिला पडायचा. मग इकडे एक, तिकडे एक, असे शब्द उमटत जायचे. दिवसाची कड अनवाणी पश्चिमेकडे चालत निघाली आहे आणि जाता जाता एकेका घराला हात लावते आहे, असं वाटायचं. सगळ्यात शेवटी कोल्हापूरकडच्या उसाच्या फडावरून राहीकाकूचा शब्द यायचा, आमच्यानंतर बारा मिनिटांनी. तोपर्यंत तिची मुलगी निकिता गच्चीवरून हलायची नाही.

निकिता माझी चुलत बहीण, बारावीला आहे. वाल्मिककाका आणि राहीकाकू दसऱ्यानंतर तोडीला गेले की ती आमच्याकडे राहते. मी फिजिक्सची पदवी घेऊन घरी आले आहे आणि पुढच्या प्रवेशाची वाट पाहते आहे. हातात वेळ होता म्हणून मी सगळ्यांच्या वेळा वहीत उतरवत होते.

डिसेंबरात गटात ‘संस्कृती, राहाता’ आली. वय अठरा, वडिलांची पेरूची बाग, असं तिने लिहिलं होतं. आठवड्याभरात ती निकिताशी खाजगीत बोलू लागली. निकिताला आवडणारं सगळं तिला आवडायचं. मी ते मेसेज वाचले नव्हते, पण निकिता बदलताना दिसत होती. आधी ती इतर मैत्रिणींच्या गटांतून बाहेर पडली. मग मोबाईल उपडा ठेवू लागली. एकदा मी सहज विचारलं, तर म्हणाली की तू असंच विचारशील हे संस्कृतीने आधीच सांगितलं होतं.

शुक्रवारी तिने स्वतःहून सांगितलं, कारण तिला एस.टी.च्या वेळा हव्या होत्या. रविवारी संस्कृतीने तिला राहात्याला बोलावलं होतं. एकटीने यायचं, कुणाला सांगायचं नाही, जुने मेसेज पुसून टाकायचे.

“आणि नाही गेलीस तर?” मी विचारलं.

तिने डोंगराकडे बघत सांगितलं. सहामाहीत ती दोन विषयांत नापास झाली होती. घरी कुणाला माहीत नव्हतं, फक्त संस्कृतीला सांगितलं होतं, निकालाच्या फोटोसकट. आली नाहीस तर तो फोटो गटात टाकीन, म्हणजे तुझी आई फडावर वाचेल, असं संस्कृतीने गमतीत लिहिलं होतं. गमतीत, हे निकिताने दोनदा सांगितलं.

जाऊ नकोस म्हणणं सोपं होतं. पण तेही संस्कृतीने आधीच सांगून ठेवलं असणार.

“ती खोटी नाहीये, पंकजाताई,” निकिता म्हणाली. “आमचा सूर्य एकाच वेळी बुडतो. रोज. तूच बघ तुझ्या वहीत.”

मी वही काढली. वीस संध्याकाळी दोघींचा शब्द एकाच मिनिटाला पडला होता. मी तिला चित्र काढून दाखवलं. राहाता आमच्या पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य दोन मिनिटं उशिरा मावळतो. शिवाय आमचा डोंगर आमची चार मिनिटं खातो आणि तिकडे मोकळं रान आहे. म्हणजे सहा मिनिटांचा फरक हवा. मोबाईलवर सेकंद दिसत नाहीत म्हणून मी आधी तीन दिवस स्टॉपवॉच लावलं होतं. निकितानंतर नऊ सेकंद, अकरा सेकंद, आठ सेकंद.

“तिच्या गच्चीवर जाऊन बघितलंस का तू?” ती म्हणाली.

“नाही. पण तू इथूनच बघू शकतेस. उद्या चार मिनिटं आधी लिही.”

खोटा ‘बुडाला’ लिहायचा, हे तिला पटेना. मी आग्रह धरला नाही.

शनिवारी संध्याकाळी ती माझ्या आधी गच्चीवर होती. हवेत तुरीच्या भुशाची धूळ होती आणि त्या धुळीतून उजेड मधासारखा संथ उतरत होता. शेळ्या, पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, सगळं जरा तरंगल्यासारखं दिसत होतं. सहा वाजून सात मिनिटांनी सूर्य डोंगरावर दोन बिंबांइतका होता. निकिताने त्याच्याकडे बघत बघत लिहिलं, ‘बुडाला’.

मी स्टॉपवॉच दाबलं. नऊ सेकंदांनी गटात संस्कृतीचा शब्द पडला, ‘बुडाला’. लगेच खाजगीत दुसरा मेसेज आला, ‘बघ, आज पण एकत्र.’

निकिताच्या चेहऱ्यावर अजून ऊन होतं. ती तो मेसेज वाचत होती आणि मोबाईलच्या काचेतही सूर्य दिसत होता.

“ती आभाळाकडं बघतच नाही,” ती हळू म्हणाली. “माझ्याकडं बघते.”

तेवढ्यात गटात राहीकाकूचा मेसेज आला. एका शब्दाच्या गटात चक्क दोन ओळी. ‘निके, आमच्याकडं सूर्य अजून लई वर हाय. तुझा आज एवढा लवकर कसा गेला?’

निकिताने फोन लावला. मागे उसाच्या पाचटाचा आवाज येत होता. तिने आधी आजचा ‘बुडाला’ खोटा होता हे सांगितलं, मग दोन विषयांचं सांगितलं, मग संस्कृतीचं.  काकू म्हणाली, “विषय पुना देता येतात, बाई. तू एकलीनं गेली असती तर म्या कुठं हुडकलं असतं तुला?”

आम्ही मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, ते आबासाहेबांना पाठवले, आणि मगच संस्कृतीला ब्लॉक केलं. आबासाहेबांनी तिला गटातून काढलं आणि निकितासारख्या आणखी कुणाशी ती बोलत होती का, हे एकेकाला फोन करून विचारलं. अशा आणखी दोघी सापडल्या. सोमवारी स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जायचं ठरलं.

रविवारी निकिता गच्चीवर होती. राहात्याला माझी कॉलेजातली मैत्रीण रेश्मा राहते. तिला मी तिच्या घराच्या छतावर उभं राहायला सांगितलं होतं. वेळा निकिताने लिहून घेतल्या.

घर, सहा वाजून अकरा मिनिटं. राहाता, रेश्मा, सहा वाजून सतरा. काष्टी, सहा वाजून अठरा. फड, आई, सहा वाजून तेवीस.