दोदोलची ऊब

मी चिनीमातीचा दिवा बोलतोय. दिवा म्हणायचं आपलं. उजेड मी जन्मात दिला नाही. होल्डरमध्ये फिरवून बसवतात, म्हणून दिवा. माझं काम फक्त तापायचं, तेही अंधारात, कुणाची झोप न मोडता.

इंडोनेशियातल्या लेम्बांगच्या घरात मला रेस्तीनं आणलं. डोंगरावरचं गाव, पहाटे तोंडातून वाफ निघते. तिनं एक छोटा अजगर पाळला होता. सणाच्या दोदोल मिठाईसारखा तपकिरी, तुकतुकीत, म्हणून नाव दोदोल. मला जाळीच्या टोपीत घालून त्याच्या पेटीच्या एका टोकाला टांगलं. गारठला की तो माझ्याखाली येई, अंग तापलं की पलीकडे सरके. सापाला स्वतःची ऊब नसते. खाल्लेलं पचवायलाही ती बाहेरून घ्यावी लागते. ती मी देत होतो. थोडा गर्वही होता मला, खोटं कशाला बोलू?

रेस्तीच्या आईला, एमाकला, आधी साप नको होता. "लोकांच्या पोरी नवरा शोधतात, आमची साप घेऊन आली," असं ती शेजारणींना ऐकवायची. पण वर्षभरात तीच पेटीला टेकून भाजी निवडू लागली. तिथं ऊब असायची ना! निवडता निवडता दोदोललाच शेजारणींची गाऱ्हाणी सांगायची.

ईद आली. दोघी नऊ दिवस तासिकमलायाला आजीकडे निघाल्या.

"आपण तिकडे ईदचा केतुपात-भात हाणणार आणि हा उपाशी?" एमाक म्हणाली. "खायला घाल त्याला."

"अगं, महिनाभर नाही खाल्लं तरी चालतं त्याला."

"तुला चालत असेल, मला नाही चालत. घाल म्हणते ना!"

रेस्ती हसली. दोदोलला चांगला मोठा उंदीर दिला आणि बॅगा घेऊन खाली गाडीकडे गेली.

गावी जाताना घरातले सगळे प्लग उपटायचे, मागे आग लागायला नको, ही एमाकची जन्माची सवय. टीव्ही, इस्त्री, भाताचा कुकर. कपाटामागच्या बोर्डात चार वायरी होत्या. तिनं चारही ओढल्या. माझा उजेड विझताना दिसला असता, तर ती थबकली असती. पण मी तापलेला असो की गार, सारखाच काळा.

"झोप आता पोटभर," पेटीवर हात ठेवून ती म्हणाली आणि कुलूप लावून गेली.

दोदोल माझ्याखाली येऊन वेटोळं घालून बसला. नऊ दिवस तिथून हलला नाही. मी नुसता लटकत होतो. त्याच्या पोटातला उंदीर पचलाच नाही, सडला.

परतल्यावर रेस्ती आधी आत आली. ओकलेला उंदीर दिसला, निपचित दोदोल दिसला, मग उपटलेला प्लग. जिन्यावर एमाकची चाहूल लागली. रेस्तीनं गुपचूप प्लग परत खोचला आणि दोदोलला स्वेटरमध्ये, पोटाशी धरलं. मी जीव तोडून तापलो. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"असं कसं झालं गं?" एमाक रडत होती.

"जातच नाजूक असते त्यांची."

"उपाशी तरी नाही गेला. बरं झालं, मी घालायला लावलं."

"हो, एमाक," रेस्ती म्हणाली आणि पेटी पुसत राहिली.

आता मी खणात पडून आहे, मेलेल्या बॅटऱ्यांच्या सोबतीला. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल, तर निघताना त्याच्याखाली एकदा हात धरून बघा. आम्हाला सांगता येत नाही.

एमाक अजून त्याच जागी बसून भाजी निवडते. हल्ली इथं फार गार लागतं, म्हणते. रेस्ती तिच्या अंगावर शाल टाकते.