वरचा भाऊ थांबत नाही

"बसा गुरुजी, ही बाही तेवढी संपवते," अमोंगिन म्हणाली. मशीनवरचा पाय काही तिनं थांबवला नाही.

कुमी गावच्या बाजारात पत्र्याच्या पडवीत गणवेश शिवणारी ही बाई एके काळी आमच्या विमानशाळेत वैमानिक व्हायला आलेली माझी विद्यार्थिनी होती. बावीस वर्षांनी मी तिच्या दारात आलो होतो.

"पाणी देऊ?"

"नको. आधी ऐक. माझं चुकलं होतं. पंखाचं."

आता पाय थांबला.

पंख विमानाला कसा उचलतो, हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर पंख काढायचो, वरून फुगीर, खालून सपाट. मग म्हणायचो, वारा म्हणजे दोन सख्खे भाऊ, बापाला माती द्यायला निघालेत. एक वरच्या लांबच्या वाटेनं, दुसरा खालच्या जवळच्या. आपल्या तेसो लोकांत एका भावाला सोडून दुसरा माती देईल का? छे! म्हणून दोघं मागच्या टोकाला एकाच वेळी पोचलेच पाहिजेत. मग वरच्याला पळावं लागतं, पळत्या वाऱ्याचा दाब कमी होतो, आणि पंख उचलला जातो. पोरं माना डोलवायची. मातीला उशीर म्हटलं की आमच्या अंगावर काटा येतो, शंका कोण घेणार?

तिनं घेतली. "पण गुरुजी, वाऱ्याला कसले आलेत भाऊ? एकत्र पोचायचं त्यांना कुणी बजावलंय? मी टॅक्सीतून हात बाहेर काढते. तळवा जरा कलता धरला की वर उचलला जातो. माझ्या तळव्यावर कुठाय फुगवटा? हात वाऱ्याला खाली ढकलतो, म्हणून वर जातो."

वर्ग खो खो हसला. मला वाटलं, मलाच हसले. "मग हात हलवत उडत जा घरी!" मी म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अहवालात मी लिहिलं, 'मूलतत्त्वं समजत नाहीत.' पोर शिष्यवृत्तीवर आलेली. त्या एका ओळीनं तिची जागा गेली.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात नव्या शिक्षिकेनं एक चित्रफीत लावली. पंखाच्या वरून आणि खालून धूर सोडला होता. वरचा धूर खालच्याच्या आधीच मागे पोचला, चांगलाच आधी. आणि पंखामागे सगळा धूर खाली वळला होता.

"वरचा भाऊ थांबत नाही, पोरी," मी तिला म्हणालो. "खालच्याची वाट न बघता पुढे निघून जातो. पंख वाऱ्याला खाली वळवतो म्हणून वर जातो. तू म्हणालीस तेच."

"हे वर्गाला सांगितलंत?"

"आता कुठला वर्ग? घरी बसलो मी."

"म्हणजे ज्यांनी माना डोलावल्या, ते उडतायत."

"उडतायत. विमानाला काय कळतंय, कोण काय शिकलंय ते."

ती हसली, आणि लगेच तोंड फिरवलं. मी खिशातलं पत्र पुढे केलं. ती ओळ चुकीची होती, चूक माझी होती, असं सहीनिशी लिहिलं होतं. तिनं हात पुसले, पत्र दोनदा वाचलं.

"एक्केचाळीस वर्षांची झाले मी, गुरुजी. आता हे कुठे लावू?"

तिनं पत्राची घडी करून बटणांच्या डब्यात ठेवली.

"तुम्हाला माफी हवीय ना? आज नाही व्हायचं माझ्याच्यानं. पाणी मात्र पिऊन जा, ऊन फार आहे."

मी पाणी प्यालो. निघालो तेव्हा मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

परतीच्या टॅक्सीत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या बसमध्ये, खिडकीशी बसलो. इतकी वर्षं पंख शिकवला, पण एकदाही हात बाहेर काढून बघितला नव्हता. गाडीनं वेग घेतल्यावर काढला. तळवा सपाट धरला, काही नाही. जरासा कलता केला, आणि हात असा उचलला गेला की खांद्यापर्यंत जाणवलं.

"ओ आजोबा, हात आत घ्या! तुटेल!" कंडक्टर ओरडला.

"घेतो रे बाबा," मी म्हणालो. "जरा थांब. पहिल्यांदाच करून बघतोय."