सतराव्या अटीचा फळा

मित्रांनो, चारकोपच्या बुद्धविहाराबाहेर भिंतीला ठोकलेला जुना फळा तो मी. माझी एक कड फुगली आहे, वरच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी पानाची पिचकारी आहे. तरीही कीव मागायला मी तोंड उघडलेलं नाही. मला भांडायचं आहे.

माझा जन्म शेजारच्या औद्योगिक वसाहतीत झाला. मी एका मशीनच्या खोक्याचं प्लायवूड होतो. कुंडलिक काकांनी ते उचलून आणलं, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि इथे ठोकलं. काका छापखान्यात मुद्रितं तपासायचे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की बस सुटली तरी चालेल, पण लोक वाचून जायचे. पाणी कधी येणार, रक्तदान शिबिर कुठे, दहावीला कोण पास झालं, कोण वारलं, सगळं माझ्यावर. ज्याला वाचता येत नसे त्याला शेजारी उभा असलेला माणूस मोठ्याने वाचून दाखवायचा. ही इथली रीतच होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

मग मोबाईल आले. काकांचे गुडघे धरले. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स माझ्यावर लटकला, तो दोन वर्षं तसाच. त्या हसऱ्या चेहऱ्यामागे मी रागाने धुमसत होतो.

तो फ्लेक्स फाडून काढला चेतनाने. ती मागच्या गल्लीत राहते आणि एका ॲपवरून बायकांच्या घरी जाऊन पार्लरची कामं करते. त्या सकाळी ॲपने तिची आयडी बंद केली होती. आयडी बंद म्हणजे काम बंद, आणि घरात कमावणारी ती एकटी.

"काका, कारण विचारलं तर म्हणतात, अट क्रमांक सतरा. तुम्ही मान्य केलीय."

"मग केलीस का तू?"

"अहो, मागच्या महिन्यात इंग्रजीत काहीतरी लांबलचक आलं. दाबल्याशिवाय पुढे जातच नव्हतं. दाबलं."

काकांनी चष्मा लावून तिच्या मोबाईलवर वाचायला घेतलं. एक्केचाळीस पानं, बावन्न अटी. महिन्यात तीनदा काम नाकारलं तर न विचारता आयडी बंद, ही सतरावी. मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा चेतनाने बरोबर तीन कामं नाकारली होती.

"हे तुला एकटीला कळून काय उपयोग गं?" काका म्हणाले आणि त्यांनी खडू मागितला.

दुसऱ्या दिवसापासून काका स्टुलावर बसून रोज तीन अटी मराठीत उतरवू लागले. आदल्या दिवशीच्या पुसायच्या, नव्या लिहायच्या. सतरावी मात्र त्यांनी वरच्या कोपऱ्यात तशीच ठेवली. ॲपवर काम करणाऱ्या बायका थांबू लागल्या, एकमेकींना वाचून दाखवू लागल्या. मला पुन्हा जुने दिवस आल्यासारखं वाटलं. शेवटी बावन्नावी अट आली, 'हे सर्व मी वाचले असून मला समजले आहे.'

चेतना तिथेच भडकली. "हे तर खोटं आहे! माझ्याकडून खोटं वदवून घेतलं यांनी?"

तिने खडू घेतला आणि खाली लिहिलं, 'आम्ही वाचले नाही. आम्हाला समजले नाही. अटी मराठीत द्या.' चारकोपात त्या ॲपवर काम करणाऱ्या, तिच्यासकट सगळ्या एकतीस बायकांनी सह्या केल्या. त्याचा फोटो कंपनीला गेला.

चौथ्या दिवशी कंपनीचे राजेश साहेब आले.

"ताई, हे पुसून टाका. तुमची आयडी आत्ता चालू करून देतो."

"आणि ह्या सगळ्यांचं काय?"

"आधी तुमचं तर बघा ना."

चेतनाने बादलीतला फडका पिळून घेतला. तिला काम हवंच होतं, आणि मला पुसायला एक ओला फडका पुरला असता. फडका तिच्या हातात होता. माझा जीव टांगणीला लागला.

"साहेब, तुम्ही वाचल्यात का या अटी?" तिने विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग माझ्यापुढे उभे राहून वाचू लागले. सतराव्या अटीपाशी अडखळले. "हे... आमच्यात आहे?"

चेतनाने फडका बादलीत टाकला. "नाही पुसणार. या तुम्ही."

तीन आठवड्यांनी सगळ्यांच्या मोबाईलवर अटी आल्या. मराठीत! बायका माझ्यासमोर जमल्या आणि चेतनाने मोठ्याने वाचल्या. सतरावी अट जशीच्या तशी होती. खाली लिहिलं होतं, 'सहमत' किंवा 'सहमत नाही'. सहमत दाबलं की तिची आयडी चालू होणार होती.

तिने 'सहमत नाही' दाबलं. मग बाकीच्या तीस जणींनीही दाबलं, आणि त्यांच्याही आयडी बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी आख्ख्या चारकोपात पाठवायला ॲपकडे एकही बाई नव्हती.

आता राजेश साहेबांचा रोज फोन येतो. सतराव्या अटीवर बोलू या म्हणतात. चेतना म्हणते, "बोला की. पण मराठीत, लेखी, आणि फळ्यासमोर."

मित्रांनो, मला रंगाचा एक हात द्या, कड ठोकून घ्या, हे मी हक्काने मागतो. त्याहून मोठं मागणं वेगळंच आहे. तुमची आई, मावशी, आजोबा मोबाईलवर 'सहमत' दाबत असतील तर त्यांचा हात धरा. आधी वाचून दाखवा. न कळणाऱ्या भाषेत असेल तर आपल्या भाषेत मागा, मिळेपर्यंत मागा. आणि सगळं कळल्यावर पटलं नाही, तर खुशाल नाही म्हणा.