अंगठ्याखालचा खटका

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. शर्यतीच्या सायकलच्या हँडलवर, उजव्या अंगठ्याखाली माझी जागा होती. अंगठा दाबला की मी 'टक्' करायचो, तार ओढली जायची आणि गिअर बदलायचा. एवढंच काम. फुशारकी मारावी असं त्यात काही नाही.

माझ्या मालकिणीला घरात भिंगरी म्हणत. तिचे बाबाच तिला शर्यतीसाठी तयार करत. चढ लागला की तिचा अंगठा न बघता मला शोधून काढायचा. "या खटक्याला हिची भाषा कळते," असं बाबा चारचौघांत सांगायचे. तेव्हा मला बरं वाटायचं. वाटत असावं, आता नीट आठवत नाही.

एकदा सरावात तिनं मला दाबलं. मी टक् केलं. तिनं लगेच पुन्हा दाबलं, आणखी एकदा दाबलं. चेन उतरली आणि पोरगी पडता पडता वाचली.

"बाबा, खटका लागतच नाहीये!"

अहो, लागलो होतो की! दर वेळी लागलो होतो. पण नाव माझंच बद्दू झालं. दुकानातल्या मिस्त्रीकाकांनी मला खोलून पाहिलं आणि म्हणाले, "याला काही धाड भरलेली नाही."

"मग काय माझी पोरगी खोटं बोलते?" बाबा कडाडले. दोघांचा चांगलाच खटका उडाला. आमच्या नावाचा हाही उपयोग होतो, हे मला तेव्हा कळलं.

मग नवा गिअर आला. आपोआप बदलणारा, बॅटरीवर चालणारा. पायांचा वेग तो स्वतःच ओळखतो, अंगठ्याला विचारतसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, फार हुशार आहे. भिंगरी पूर्वीपेक्षा जोरात पळू लागली. संघाची निवड तोंडावर आली होती, बाबांचे पाय जमिनीवर ठरेनात. मी गंजक्या नट-बोल्टांच्या डब्यात पडलो. राग आला नाही. काहीच आलं नाही.

निवडीच्या शर्यतीच्या रस्त्यात एक मोठा उतार होता. उतारावर ब्रेक लागतो, आणि तो कुणी आपोआप दाबून देत नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी पाना शोधताना भिंगरीच्या हाती मी लागलो. तिनं सहज डाव्या अंगठ्यानं दाबलं. टक्. मग उजव्यानं दाबलं. टक्. ती थबकली. पुन्हा डावा, पुन्हा उजवा.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "खटका चांगला आहे. माझ्या हाताला कळत नाहीये. ब्रेकसुद्धा कळत नाही."

"कधीपासून गं?"

"चेन उतरली त्याच्याही आधीपासून. मला वाटलं, खटकाच बिघडलाय. तुम्हीही तेच म्हणालात."

बाबांनी सायकल भिंतीला टेकवली. उद्या जायचं नाही, एवढंच बोलले.

मित्रांनो, नवं जरूर घ्या, अडवणारा मी कोण? पण जुन्याला बिघडलेलं म्हणण्याआधी आपला हात एकदा चाचपून बघा.

बाबा तिच्यासमोर बसले. तिला डोळे मिटायला सांगून त्यांनी तिचा उजवा अंगठा चिमटीत धरला आणि त्यांचं स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत दाबला. भिंगरी डोळे मिटून वाट बघत राहिली.

"बाबा," तिनं विचारलं, "दाबताय ना?"